बिनखुणेचा डबा

१

तुरुंगात चोर असायचेच, आणि चोर आहेत म्हणजे अधूनमधून चोरीही व्हायचीच. पण त्या मंगळवारी सकाळी चोरीला काय गेलं हे ऐकल्यावर अधीक्षकसाहेबांनी हातातला चहाचा कप जो बशीत ठेवला, तो पुन्हा काही उचलला नाही. दवाखान्याच्या फ्रीजमधून अडतीस डबे नाहीसे झाले होते. प्लास्टिकचे, लाल झाकणाचे, मुठीत मावतील एवढे. त्या अडतीस डब्यांत तुरुंगातल्या अडतीस कर्मचाऱ्यांचे शौचाचे नमुने होते.

"कोणी नेले?" साहेबांनी विचारलं.

"ते माहीत असतं तर मी आधी त्यालाच गाठलं असतं," भिंगबाई म्हणाल्या. "आणि विचारलं असतं, की बाबा रे, कशाला नेलेस?"

भिंगबाई हे नाव कैद्यांनी ठेवलेलं. त्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. एकोणतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्याने त्यांचा डावा डोळा बोलतानाही किंचित बारीक व्हायचा. कैद्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पोटात कोणकोणते जंत आहेत याची पाहणी करायला त्या दोन आठवड्यांसाठी इथे आल्या होत्या. कैद्यांचे चारशे डबे बहुतेक तपासून झाले होते. कर्मचाऱ्यांचे डबे सोमवारी सकाळी हजेरीच्या वेळी जमा झाले, आणि मंगळवारी ते काचेखाली जायचे होते.

"हे मी वर काय तोंडाने कळवू?" साहेब म्हणाले. "चारशे गुन्हेगार मी नीट सांभाळले, आणि ही वस्तू सांभाळता आली नाही? लोक पोट धरून हसतील."

"कळवू नका. मला गुरुवारपर्यंत वेळ द्या. माझी पाहणी तेव्हाच संपते."

दुसरं कोणी असतं तर कपाळाला हात लावून बसलं असतं. भिंगबाईंना मात्र खरं सांगायचं तर आतून गुदगुल्या होत होत्या. एकोणतीस वर्षांत त्यांच्या डब्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज कोणाला तरी ते डबे चोरण्याइतके मोलाचे वाटले होते. शिवाय चोर चोखंदळ होता. त्याच कप्प्यात कैद्यांचे वीस डबे होते, त्यांना त्याने हातही लावला नव्हता.

"आणखी एक गोष्ट," त्या दाराशी थांबून म्हणाल्या. "कुलूप फोडलेलं नाही. किल्ल्या किती जणांकडे आहेत?"

साहेबांनी बोटांवर मोजलं. "चौघांकडे. चारही माझी माणसं."

२

पहिली किल्ली कंपाउंडरची. हा माणूस निवृत्तीला आलेला, काटकुळा आणि जिभेचा तिखट.

"किल्ली माझ्याकडे म्हणून मी चोर का?" तो म्हणाला. "बाई, माझ्या पोटात जंत आहेत हे माझ्या सासूलाही माहीत आहे. त्यात लपवायचं काय? आणि जंताच्या गोळ्यांची बरणी माझ्याच फळीवर आहे."

काल दुपारी एक वाजता त्याने दवाखाना बंद केला होता आणि तीनला उघडला होता. फ्रीज मात्र आज सकाळपर्यंत उघडलाच नव्हता.

दुसरी किल्ली श्वानपथकाच्या हवालदाराची. कुत्र्याच्या लशी त्याच फ्रीजमध्ये असत. त्याला सगळे श्वानमामा म्हणत. त्याचा कुत्रा चांगला वासरासारखा थोराड, पण स्वभावाने इतका गरीब, की तो येऊन भिंगबाईंच्या पावलांवरच बसला.

"चोरी शोधणं आमचं काम," श्वानमामा फुरंगटून म्हणाला. "करणं नव्हे. हवं तर याला वास द्या, हा शोधून काढील."

"कशाचा वास देऊ?" भिंगबाईंनी विचारलं.

तिसरी किल्ली जमादाराची. आवाज पहाडी, मिशा त्याहून मोठ्या. सोमवारी दुपारी कर्मचाऱ्यांपुढे भिंगबाईंनी जंतांवर व्याख्यान दिलं होतं, तेव्हा हा पहिल्या रांगेत बसून असा घोरत होता, की त्यांना दोनदा आवाज चढवावा लागला होता.

"व्याख्यान फार छान झालं," जमादार आज आदबीने म्हणाला.

"काय आवडलं त्यातलं?"

जमादाराने मिशीवरून हात फिरवला. "एकंदरीत," तो म्हणाला.

चौथी किल्ली कोठारात. धान्य, कपडे, बूट, आत येताना जमा केलेलं कैद्यांचं सामान, सगळं तिथे. कोठारप्रमुखाला सारे अण्णा म्हणत. सगळ्या तुरुंगाच्या जादा किल्ल्या त्याच्या पाठीमागच्या फळीवर टांगलेल्या होत्या. अण्णा गोलमटोल, हसतमुख आणि सढळ हाताचा. भिंगबाई बसायच्या आत त्यांच्यापुढे चहा आला.

"काय एकेक लोक असतात," तो म्हणाला. "पण बाई, तुमचं व्याख्यान ऐकलं आणि मला हायसं वाटलं. अनवाणी पायांतून जंत शिरतात म्हणालात ना? मी जन्मात मातीत पाय टाकला नाही. शहरात वाढलो, फरशीवर. अहो, मी न्हाणीघरातही चपला घालतो. घरचे हसतात मला."

"चांगली सवय आहे," भिंगबाई म्हणाल्या. चहा पिताना त्यांची नजर सवयीने बारीकसारीक गोष्टींवर फिरत होती. अण्णाच्या उजव्या बुटाची नाडी अर्ध्यातच तुटलेली होती आणि पुढे पोत्याची सुतळी बांधून ती पुरी केली होती. टाचेच्या कातड्याला बारीक बारीक खड्डे पडले होते.

"उंदीर," त्यांची नजर पाहून अण्णा म्हणाला. "कोठारात उच्छाद मांडलाय नुसता."

चार माणसं, चार किल्ल्या, आणि चौघांच्याही बोलण्यात काही खोट दिसत नव्हती. भिंगबाई दवाखान्यात परतल्या आणि रिकाम्या कप्प्यासमोर स्टूल ओढून बसल्या. व्याख्यानाला निघताना त्यांनी स्वतः डबे कप्प्यात पाहिले होते, तेव्हा चोर व्याख्यानानंतर आला होता. म्हणजे आपल्याच तोंडून असं काही निघालं, की त्याचं धाबं दणाणलं. पण काय?

त्यांनी मनातल्या मनात व्याख्यान पुन्हा दिलं. अंकुशकृमी. आकड्यासारख्या तोंडाने आतड्याला लटकून रक्त पिणारा जंत. तो खाण्यातून नव्हे, तर बहुधा अनवाणी तळव्यातून शिरतो. ओल्या, घाण मातीत त्याची पिल्लं वाट बघत असतात. तळव्याला चार दिवस खाज सुटते, मग माणूस विसरतो, आणि पाच-सहा आठवड्यांनी शौचात अंडी दिसू लागतात. पुढे कित्येक वर्षं मुक्काम. मग त्यांनी एक गंमत केली होती. "भाजीच्या वाफ्यांमागे, पडक्या संडासाशेजारी जो कोपरा आहे ना, तिथली माती मी तपासली. नुसती वळवळतेय. तिथे अनवाणी कोण हिंडलं, हे मला उद्या त्याचा डबाच सांगेल."

सगळे हसले होते.

"बाई," मागून कंपाउंडर म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "तुम्ही नवख्या, तुम्हाला ठाऊक नसणार. पण त्या कोपऱ्याचं नाव घ्यायला नको होतं. मोबाइलचा डबा तिथेच सापडला होता."

३

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. त्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेला एक पत्र्याचा डबा श्वानमामाच्या कुत्र्याने हुंगून काढला. आत सहा मोबाइल फोन. तुरुंगात फोन म्हणजे बाँबच. मातीत अनवाणी पावलांचे ठसे उमटले होते. कर्मचारी बुटांत असतात, अनवाणी असतात ते कैदी, आणि त्या भागात काम करणारा कैदी एकच. आळ माळ्यावर आला.

माळी म्हणजे बागेच्या टोळीचा मुकादम. भावकीच्या भांडणात त्याच्या हातून माणूस मेला होता, आणि ते तो कधी नाकारत नव्हता. अकरा वर्षं भोगून झाली होती. चांगल्या वागणुकीबद्दल दीड वर्षाची सूट मिळाली होती आणि सुटकेचं पत्रही आलं होतं. डबा सापडला तो नेमका सुटकेच्या आदल्या दिवशी. सूट रोखली गेली. गुरुवारी दुपारी समिती बसणार होती, आणि तिने शिक्कामोर्तब केलं की माळ्याची दीड वर्षं आत.

भिंगबाई बागेकडे जवळजवळ धावतच गेल्या. माळी वांग्यांच्या वाफ्यात खुरपत होता. उंच, वाकलेला, आणि पायांत गुडघ्यापर्यंत रबरी गमबूट.

"बाई, थांबा," त्यांना कोपऱ्याकडे वळताना पाहून तो म्हणाला. "चपलांनी जाऊ नका तिथे. खाज सुटते."

भिंगबाई थांबल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? चार वर्षांपूर्वी आमच्यातला एक जण, आता सुटलाय तो, तिथे गेला होता, आठ दिवस पाय खाजवत होता, आणि मग पांढराफटक पडला. संडासाचं पाणी झिरपतं तिथे. टोळीला गमबुटांचा हा एकच जोड आहे, म्हणून त्या कोपऱ्यातलं काम मी एकटा करतो. बाकीच्यांना मी पाऊल टाकू देत नाही."

"हे तुम्ही साहेबांना सांगितलं का?"

"सांगितलं. मी म्हटलं, त्या कोपऱ्यात मी अनवाणी जाईन का? ते म्हणाले, खुनी माणूस खाजेला भितो होय?" माळी हसला नाही. "ठसा मोजला त्यांनी. नऊ नंबर. माझाही नऊ. निम्म्या तुरुंगाचा नऊ असेल."

तो पुन्हा खुरपायला लागला. थोड्या वेळाने त्याने मान वर न करता सांगितलं, "सुटकेच्या दिवशी बायको आली होती दरवाजावर. नव्या चपला घेऊन. तिला कोणी कळवलंच नव्हतं. दुपारपर्यंत उभी होती, मग चपला घेऊन परत गेली."

भिंगबाई दवाखान्यात आल्या आणि त्यांनी कैद्यांची वही उघडली. माळ्याचा नमुना: अंकुशकृमी नाही. बागेची टोळी, अकरा जण: एकाच्याही पोटात अंकुशकृमी नाही. त्या कोपऱ्याला भिणाऱ्यांपैकी कोणीही तिथे अनवाणी गेलेलं नव्हतं.

मग अनवाणी गेला कोण? ज्याला ती खाज ठाऊक नव्हती असा. ज्याच्या पायांत एरवी बूट असतात, आणि बुटाचा ठसा उमटू नये म्हणून ज्याने ते मुद्दाम काढून ठेवले असा. आणि आज तोच ठसा तो स्वतःच्या पोटात घेऊन हिंडत होता.

कुंपणच शेत खात होतं.

४

बुधवारी सकाळी पुन्हा नमुने घ्यायचे ठरले, आणि कर्मचारी अडून बसले. नावाच्या चिठ्ठ्या लावलेले आपले डबे कुठेतरी फिरताहेत, ही कल्पनाच कोणाला सोसवत नव्हती. कैद्यांच्या हाती लागले तर उद्या बराकीत कोणी मान ठेवणार नाही, असं जमादार गरजला.

"बरोबर आहे," भिंगबाई चटकन म्हणाल्या. "नावं नकोत. हजेरीखात्याच्या खोलीत झाकणाचं पिंप ठेवते. एकेकाने आत जायचं, डबा टाकायचा, बाहेर यायचं. ज्याला आपला निकाल हवा असेल त्याने डब्यावर आपली खूण करावी. फुली, चांदणी, काहीही. निकाल फळ्यावर लावीन, ज्याची खूण त्याने वाचावी."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"फक्त दोन अटी. पिंपात डबे अडतीसच निघाले पाहिजेत. आणि त्यांत एक जरी अंकुशकृमीचं अंडं सापडलं, तर मग कोणाचीही गय नाही. प्रत्येकाला पहाऱ्यात बसवून नमुना घेईन."

यावर असा हशा उसळला, की बाहेरच्या चौकीतला पहारेकरी डोकावून गेला. साहेबांनी मात्र त्यांना खोलीत बोलावून दार लावलं.

"बाई, नाव नसेल तर तुम्हाला तो कळणार कसा?"

"साहेब, नाव असो नसो, तो आता स्वतःचा नमुना देणारच नाही. अंडं सापडता कामा नये, ही त्याची गरज आहे. तो दुसऱ्या कोणाचा तरी देईल." त्यांचा डावा डोळा बारीक झाला. "मला फक्त एवढंच बघायचंय, की कोणाचा."

५

दुपारी चार वाजेपर्यंत सदतीस डबे तपासून झाले होते. भिंगबाईंची मान अवघडली होती आणि कंपाउंडर फळ्यावर लिहून लिहून वैतागला होता. चांदणी: गोलकृमी. फुली: काही नाही. मिशांचं चित्र: काही नाही.

"हे कोणाचं ते वेगळं सांगायला नको," कंपाउंडर पुटपुटला. त्याच्या स्वतःच्या खुणेपुढे गोलकृमी निघाला होता, आणि आपलं निदान बरोबर ठरल्याचा त्याला अभिमानच वाटत होता.

अंकुशकृमी एकाच्याही डब्यात नव्हता.

अडतिसावा डबा उरला. त्यावर कसलीच खूण नव्हती. ज्या माणसाने तो टाकला त्याला निकाल नको होता. भिंगबाईंनी काडीने कणभर नमुना घेतला, थेंबात कालवला, वर पातळ काच ठेवली आणि डोळा लावला.

त्या बराच वेळ हलल्या नाहीत. मग त्यांनी भिंग बदललं, पुन्हा पाहिलं, आणि हळूच हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं?" कंपाउंडर घाबरला.

"बघा तुम्हीच. गोल, काळपट अंडी. जाड कवच, आणि त्यावर शिंप्याच्या अंगुस्तानासारखे बारीक खड्डे. दिसले?"

"दिसले. गोलकृमीच ना?"

"गोलकृमीच. पण माणसाचा नव्हे. हा जंत माणसाच्या अंगात शिरला तरी वाढून अंडी घालत नाही, त्याला ते साधतच नाही. तो अंडी घालतो एकाच जातीच्या पोटात." त्यांनी डोळे पुसले. "कंपाउंडर, या तुरुंगाच्या हजेरीपटावर एक कुत्रा आहे."

६

बातमी वाऱ्यासारखी पसरली, आणि पाचच्या ठोक्याला श्वानमामा त्याच्या कुत्र्यासह साहेबांच्या खोलीत उभा होता. कुत्रा म्हटला की श्वानमामा, हे कोणालाही सुचावं. साहेबांनी तर त्याचा निलंबनाचा कागदही पुढे ओढला होता.

"साहेब," श्वानमामा कळवळून म्हणाला. "फोनचा तो पुरलेला डबा शोधून काढला तो आम्हीच. मी पुरला असता तर याला त्या कोपऱ्याकडे नेलाच कशाला असता? दुसरीकडे फिरवून आणला असता, कोणाला पत्ता लागला नसता."

"हे अगदी खरं," भिंगबाई म्हणाल्या. "शिवाय यांची वही मी बघितली. कुत्र्याला वेळच्या वेळी जंताचं औषध दिलंय, शेवटचं पंधरा दिवसांपूर्वी. तरीही खात्री असावी म्हणून आत्ता मी याचाही नमुना तपासला. स्वच्छ आहे. तो नमुना या कुत्र्याचा नाही."

श्वानमामाने कुत्र्याच्या गळ्यात हात टाकला आणि तो तसाच उभा राहिला.

"मग आणखी एक कुत्रा आला कुठून?" साहेब म्हणाले. "कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत जनावर पाळायला बंदी आहे. रस्त्यावरचा?"

"रस्त्यावरच्या कुत्र्यामागे डबा घेऊन फिरणारा माणूस वसाहतीत लपेल का? नाही, साहेब. घरातलाच. आणि इतकी अंडी बहुतेक पिल्लाच्या पोटात असतात, आईकडूनच ती भेट मिळालेली असते. कोणीतरी चोरून पिल्लू पाळलंय." भिंगबाई येरझाऱ्या घालू लागल्या. त्यांना बसवेना. "बघा हं, तो अडचणीत होता. दुसऱ्या माणसाकडे नमुना मागावा, तर माणूस विचारतो, कशाला हवाय? बायकोकडे मागावा, तर ती जन्मभर विचारील. कुत्रा काही विचारत नाही."

साहेबांना हसू आवरेना, आणि आवरायला तर हवं होतं.

"अडतीस घरांची झडती घ्यायची, तर पिल्लू मागच्या दाराने जाईल," ते म्हणाले.

भिंगबाई एकदम थांबल्या. पिल्लू. नवे दात शिवशिवणारं, दिसेल ते चावणारं पिल्लू. त्यांना एक नाडी आठवली, अर्ध्यातून तुटलेली. आणि कातड्याला पडलेले खड्डे.

"झडती नको," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी दहाला चारही किल्लीवाल्यांना इथे बोलवा. आणि साहेब, एक खुर्ची जास्तीची ठेवा. माझा सूक्ष्मदर्शक मी सोबत आणते."

७

गुरुवारी दहा वाजता चौघे ओळीने उभे राहिले. समिती बाराला बसायची होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे भिंगबाईंनी एकदाच पाहिलं आणि त्याकडे पाठ फिरवली.

"ज्याने नमुने नेले त्याच्याकडे किल्ली होती," त्या म्हणाल्या. "त्याने माझं व्याख्यान ऐकलं होतं, आणि तो त्या कोपऱ्यात अनवाणी गेला होता. जमादारसाहेबांनी व्याख्यान ऐकलं नाही, ते झोपले होते. त्यांना अडतीस साक्षीदार आहेत."

जमादाराने आयुष्यात पहिल्यांदाच झोपेबद्दल समाधानाने मान हलवली.

"कंपाउंडरना डबे चोरायची गरजच नव्हती. दिवसभर फ्रीज त्यांच्याच हाताखाली असतो. स्वतःच्या डब्यातला माल बदलला असता, कोणाला काही कळलं नसतं. उलट बाहेरच्या माणसाला घाई. अडतिसात आपला डबा हुडकत बसायला वेळ नाही, आणि एकच नेला तर त्यावरचं नाव बोंबलणार, म्हणून त्याने सगळेच उचलले. श्वानमामांचं काल बोलून झालंय. राहिले अण्णा."

"मी?" अण्णा हसला. "बाई, मी तर मातीत पाय टाकत नाही, तुम्हाला सांगितलंच होतं."

"सांगितलंत ना. मी न विचारता सांगितलंत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. अण्णा, पाय जरा पुढे करा. साहेब, ही नाडी पाहा. अण्णा म्हणतात उंदीर. उंदराचे दात पटाशीसारखे असतात, दोन-दोन शेजारी, तो तासतो. इथे कातड्यात गोल, खोल टोचे आहेत. सुयांसारखे दात, दुधाचे. असे दात फक्त पिल्लाला असतात."

अण्णाने पाय मागे घेतला.

"नातीसाठी आणलं होतं," तो म्हणाला. "पिल्लू पाळलं हा गुन्हा झाला, मान्य आहे. वाटेल तो दंड करा. त्यावरून मी फोन पुरले असं कसं म्हणता?"

"तसं मी म्हणत नाही. तसं तुमचं पोट म्हणेल." भिंगबाईंनी टेबलावर एक लाल झाकणाचा डबा ठेवला. "नवा आहे. जमादारसाहेब, अण्णांना घेऊन जा आणि दाराशी उभे राहा. काही निघालं नाही तर मी सगळ्यांसमोर तुमची क्षमा मागेन, आणि तुमच्या नातीला पिल्लाचं औषध स्वतः आणून देईन."

पावणेअकरा झाले. अकरा झाले. जमादार दोनदा येऊन सांगून गेला, की अजून काही नाही. साहेब खिडकीशी, श्वानमामा कुत्र्याशी, आणि भिंगबाई काचा पुसत. त्या काचा सकाळपासून चार वेळा पुसून झाल्या होत्या. आपण चुकलो असलो तर माळी दीड वर्षं आत राहील, हा विचार त्यांना सोडत नव्हता. नाडीवरून एवढी उडी मारायला नको होती, असंही वाटून गेलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी डबा आला. भिंगबाईंनी काच लावली, डोळा लावला, आणि मग त्या बाजूला सरकल्या.

"साहेब, तुम्हीच बघा."

साहेबांनी वाकून पाहिलं. "लांबट गोल. काचेसारखं पातळ कवच. आत चार ठिपके."

"अंकुशकृमी," भिंगबाई म्हणाल्या. "जन्मात मातीत पाय न टाकलेल्या, न्हाणीघरातही चपला घालणाऱ्या माणसाच्या पोटात. अण्णा, अनवाणी कुठे गेला होतात, तेवढं आता तुम्हीच सांगा."

अण्णा खुर्चीत बसला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. फोन धान्याच्या पोत्यांतून आत यायचे. दुपारच्या मोजणीला कैदी बराकीत असले, की तो बूट काढून वाफ्यांमागे जायचा. बूट तोच वाटायचा, त्यामुळे कोणत्या बुटाच्या तळाचा ठसा कोणाचा, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. म्हणूनच ते काढले. पुढे पंधरवडाभर तळवे खाजत होते, आणि त्याने ते नव्या मोज्यांवर ढकललं होतं. घेणारे कोण, तेही त्याने सांगितलं. साहेबांनी सगळं लिहून घेतलं, आणि बाराला पाच कमी असताना तो कागद हातात घेऊन ते स्वतः समितीच्या खोलीकडे निघाले. तुरुंगातल्या कोणीही त्यांना इतक्या भरभर चालताना पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी भिंगबाई आपला सूक्ष्मदर्शक न्यायला आल्या, तेव्हा माळी मुख्य दरवाजाच्या आत उभा होता. गमबूट सरकारी, ते त्याने कोठारात जमा केले होते. अकरा वर्षांपूर्वी आत येताना ठेवलेल्या त्याच्या वहाणांचं पुडकं नव्या कारकुनाने काढून दिलं, तर आत वाळवीचा भुगा निघाला. तो फरशीवर अनवाणी उभा होता, आणि पाय कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

दरवाजा उघडला. बाहेर एक बाई कागदाचं पुडकं छातीशी धरून उभी होती. ती आत येऊ शकत नव्हती, आणि माळी पाऊल उचलत नव्हता.

"पाय खाली मातीत ठेवायचा नाही," भिंगबाई दटावून म्हणाल्या, कारण नाहीतर त्यांना रडू आलं असतं. "आधी चपला."

पहारेकऱ्याने पुडकं आत दिलं. माळ्याने दोन्ही चपला फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकेक पाय सावकाश आत सरकवला. नीट बसल्या.

"अकरा वर्षं झाली," तो बायकोला म्हणाला. "माप कसं लक्षात राहिलं?"

"नऊ नंबर," ती म्हणाली. "त्यात विसरायचं काय?"